नाव विचारावे, परस्पर ठरवू नये

अंगावर लाल वस्त्र, गळ्यात मण्यांच्या माळा, हातात भाला, आणि उभ्या जागी सरळ उंच उडी मारणारा सडपातळ आफ्रिकन तरुण. हे चित्र दूरदर्शनवर, दिनदर्शिकेवर, नाहीतर मुलांच्या भूगोलाच्या वहीत चिकटवलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. शाळकरी पोराला विचारले तर तो चटकन सांगतो, "हा मसाई!" चित्राखालीही बहुधा तेच छापलेले असते. पण तो तरुण कित्येकदा मसाई नसतोच. तो सांबुरू असतो. छापणाऱ्याने त्याला विचारलेले नसते, पाहणाऱ्याला ठाऊक नसते आणि ज्याचे चित्र आहे त्याच्यापर्यंत ते छापील पान कधी पोहोचत नाही.

वाचकहो, नावाची ही अदलाबदल वरवर क्षुल्लक वाटते. परंतु ज्यांची नावे शेकडो वर्षे दुसऱ्यांनीच ठेवली, त्या आपणासारख्यांना तरी ती क्षुल्लक वाटू नये. म्हणून या वेळी आम्ही या लेखात आधी आफ्रिकेत जाणार आहोत आणि तेथून थेट आपल्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी येणार आहोत. मुद्दा दोन्हीकडे एकच आहे.

मसाई लोक केनियाच्या दक्षिण भागात व लगतच्या टांझानियात राहतात. सांबुरू लोक केनियाच्या उत्तरेकडील कोरड्या, उष्ण मुलखात राहतात. दोघेही गुरे पाळणारे, आणि सांबुरूंकडे शेळ्यामेंढ्यांबरोबर उंटही असतात. दोघांची भाषा एकाच घरची, तिला 'मा' म्हणतात. मुलगा वयात आला की त्याच्या वयाच्या साऱ्या मुलांचा एक गट होतो. हे तरुण 'मोरान' म्हणून काही वर्षे कळपांचे रक्षण करतात, आणि पुढे तोच गट एकत्रितपणे प्रौढ व वडीलधारा होतो. ही पद्धतही दोघांत आहे. इतके सारखेपण असूनही सांबुरू स्वतःला मसाई म्हणवीत नाहीत. त्यांचे स्वतःसाठीचे जुने नाव 'लोकोप' असे आहे. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत मसाई सुमारे ११ लाख ८९ हजार आणि सांबुरू सुमारे ३ लाख ३३ हजार, असे दोघे वेगळे मोजले गेले. दोन भावांची घरे शेजारी असली, चुली सारख्या असल्या, तरी उंबरठे दोन आहेत एवढे सरकारने तरी मान्य केले.

येथवर कथा सोपी आहे. आता पुढचे ऐका. गुरांचा अभिमान बाळगणाऱ्या या समाजात ज्याच्याकडे गुरे नाहीत त्याला मान नाही. जंगलात शिकार करून, मध गोळा करून राहणाऱ्यांना मा भाषेत 'तोरोबो' म्हणत, म्हणजे गुरे नसलेले, दरिद्री. इंग्रजांनी तोच शब्द 'डोरोबो' करून आपल्या कागदपत्रांत घातला, आणि कितीतरी निरनिराळ्या लहान जमाती त्या एका हिणकस शब्दाखाली कोंबल्या गेल्या. लोहारकाम करणारे 'कुनोनो' हे तर मसाईंच्याच गावाशेजारी राहणारे, मसाईंचे भाले घडवणारे. पण त्यांच्याशी सोयरीक नाही. लोहाराच्या हातून आलेली वस्तू घेण्याआधी हाताला तेलतूप चोळायचे, म्हणजे विटाळ लागत नाही, अशी समजूत! भाला चालतो, भाला घडवणारा चालत नाही. हे वाचताना आपल्या माताभगिनींना कुठले ओळखीचे गाव आठवले नाही तर नवल.

केनिया पर्वताच्या उत्तरेला मुकोगोडो नावाचे अरण्य आहे. तेथे याकू नावाचे लोक राहत. शिकार आणि मध यांवर त्यांचा निर्वाह चाले. त्यांची भाषा मा नव्हे, अगदी वेगळ्या कुळातली. त्यांच्यात लग्न ठरले की वरपक्ष वधूपक्षाला मधमाश्यांची पोळी धरणारी लाकडी पेटारी देई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी जमिनींची वाटणी केली आणि गुरे पाळणारे मा-भाषिक लोक त्यांच्या अगदी शेजारी आले. याकूंच्या मुली त्या घरांत जाऊ लागल्या. तिकडून वधूमूल्य म्हणून गुरे येत. मग याकू बापही म्हणू लागला, माझ्या लेकीसाठी गुरेच हवीत, पेटाऱ्या नकोत. याकू तरुणाकडे गुरे कोठून येणार? लग्न करायचे तर गुरे मिळवणे भाग, गुरे मिळवायची तर गुराखी होणे भाग, आणि गुराख्यांत मान हवा तर त्यांची भाषा बोलणे भाग! १९२५ ते १९३६ या अवघ्या बारा वर्षांत हे अरण्यवासी गुराखी झाले. मग ते 'मुकोगोडो मसाई' म्हणवून घेऊ लागले. त्यांची भाषा मात्र मरणपंथाला लागली. एकविसावे शतक उजाडले तेव्हा ती येणारी मोजकी म्हातारी माणसे उरली होती. नातवंडे आता आजोबांना विचारून शब्द वेचताहेत.

कोणी तलवार चालवली नाही, कोणी बंदीहुकूम काढला नाही. फक्त शेजाऱ्याच्या नजरेत कमीपणा होता. तेवढ्यानेच भाषा मेली.

आता कोणी म्हणेल, केनियाचे हे पुराण संग्रामपूरच्या वाचकाला कशासाठी? त्याला आमचे उत्तर असे की, याकूंचे भाऊबंद आपल्याच तालुक्यात आहेत.

आपला तालुका म्हणजे सातपुड्याची पायथ्याची पट्टी. सोनाळा, टुनकी ओलांडून वर गेले की डोंगर लागतो, आणि डोंगरात आदिवासी गावे. खालच्या पट्टीतला माणूस त्या सगळ्यांना सरसकट 'कोरकू' म्हणतो, नाहीतर नुसतेच 'आदिवासी' म्हणून मोकळा होतो. परंतु वसाळी, चिचारी, अंबाबरवा ही आपल्या तालुक्यातली गावे, आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यातली जामोद, सोनबर्डी, कुंवरदेव, चालठाणा ही गावे जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांच्या ग्रंथांत नावानिशी नोंदलेली आहेत. कशासाठी? तर या गावांत निहाल लोक राहतात आणि त्यांची निहाली नावाची भाषा या पृथ्वीवरच्या कोणत्याही दुसऱ्या भाषेची बहीण नाही, असे अनेक विद्वानांचे मत आहे. आपण ज्या डोंगराकडे रोज पाहतो त्या डोंगरात एवढी मोठी गोष्ट आहे आणि आपल्याला तिचा पत्ता नाही!

थोडे उलगडून सांगतो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. झारखंडच्या संथाळी आणि मुंडारी या तिच्या लांबच्या बहिणी. मुंडा कुळाचे पश्चिमेकडचे टोक म्हणजे आपल्या मेळघाट-सातपुड्यातले कोरकू. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कोरकू' म्हणजे माणसे. किती सुंदर नाव! २०११ च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे देशभरात सुमारे ७ लाख २७ हजार होते. निहाली बोलणारे मात्र संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे दोन-अडीच हजारांच्या घरातले.

निहाल लोक पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या व इतरांच्या शेतात राबले, म्हणून त्यांना कोरकू भाषा येते, आणि त्यांच्या बोलीत कोरकू शब्दांचा मोठा भरणा झाला. पण घरातले मुळातले शब्द पाहा. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात, निहालीत 'जोप्पो'. डोळ्याला कोरकूत 'मेड', निहालीत 'जिकी'. हाताला कोरकूत 'टी', निहालीत 'बक्को'. पाणी, डोळा, हात हे काही बाजारात उसने घ्यायचे शब्द नव्हेत. आई मुलाला अंगावर घेऊन शिकवते ते हे शब्द. आणि आकडे पाहाल तर आणखी गंमत. एकाला 'बिडूम' म्हणतात. दोन, तीन, चार यांचे शब्द तेलुगू-कानडीसारख्या द्राविडी भाषांकडून आलेले, आणि पाचापासून पुढचे आपल्या मराठी-हिंदीच्या वळणाचे. एका लहानशा जमातीने कोणाकोणाच्या शेजारी दिवस काढले, त्याचा सारा इतिहास बोटांवर मोजता येतो!

या भाषेची पहिली मोठी नोंद ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या खंडात झाली. तेव्हा ती कोरकूसारखीच पण भेसळ झालेली बोली मानली गेली. १९६२ साली हॉलंडचे विद्वान कायपर यांनी तिचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध करून दाखवले की तिच्यातल्या जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या शब्दांचा कुठल्याच भाषेशी मेळ बसत नाही. आशा मुंडले यांनी १९९६ साली आपल्या लेखाचे शीर्षकच 'निहाल कोण आहेत? ते काय बोलतात?' असे प्रश्नरूप ठेवले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील के. एस. नागराज यांचे निहालीचे व्याकरण व शब्दसंग्रह म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केले. म्हणजे हॉलंडच्या विद्वानाला जे साठ वर्षांपूर्वी महत्त्वाचे वाटले, ते आम्हां शेजाऱ्यांना अजून कळायचे आहे.

आता कागदावर निहाल कुठे आहेत ते पाहू. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'कोरकू, बोपची, मौआसी, निहाल, नाहूल, बोंधी, बोंडेया' अशी एकच नोंद आहे. त्यामुळे सवलतीचा हक्क मिळतो हे खरे, आणि तो मिळालाच पाहिजे. परंतु जनगणनेत या नोंदीची बेरीज एकत्रच होते. निहाल किती, त्यांची किती मुले शाळेत, किती मुली दहावी झाल्या, याचा वेगळा हिशेब निघत नाही. भाषेच्या तक्त्यात पाहावे तर १९७१ पासूनचा शिरस्ता असा की दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलत असतील ती भाषा स्वतंत्र दाखवायची नाही. ती 'इतर' या रकान्यात जाते. जमातीच्या यादीत दुसऱ्याच्या नावाखाली आणि भाषेच्या यादीत 'इतर'! मग निहाल माणसाने स्वतःला शोधायचे कुठे?

कोणत्याही कचेरीत घडू शकेल असा एक संवाद आम्ही कल्पनेने लिहितो.

"बाबा, जमात कोणती तुमची?"

"निहाल, साहेब."

"निहाल म्हणजे कोरकूच ना?"

म्हातारा क्षणभर थांबतो. मागे रांग उभी आहे. "हो, तसंच लिहा साहेब."

त्या "तसंच लिहा" मध्ये एक माणूस नव्हे, एक समाज पुसला जातो. आणि लिहिणारा काही दुष्ट नसतो. त्याला घरी जायची घाई असते एवढेच.

पण खरे दुखणे कचेरीत नाही, ते गावातच आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींवर मोठा ग्रंथ काढला. आपला वऱ्हाड तेव्हा त्याच प्रांतात होता. त्यात निहालांना भिल्ल व कोरकू यांच्या मिश्रणातून झालेले ठरवून टाकले आहे. त्याही आधीच्या कागदपत्रांत भिल्ल-कोळ्यांच्या जोडीने नहालांचे नाव डोंगरातले लुटारू म्हणून येते. आणि कोरकू समाजात निहालांना खालच्या पायरीचे मानण्याची रीत असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. ज्या कोरकूला खालच्या पट्टीतला सावकार तुच्छ लेखतो, तोच कोरकू निहालाला तुच्छ लेखतो. मसाई तोरोबोला लेखतो तसाच. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध असमानता म्हटले ती हीच. तिची पक्की मेख अशी की प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी सापडतो आणि म्हणून शिडी मोडायला कोणीच तयार होत नाही. ही मेख आफ्रिकेत आहे, सातपुड्यात आहे, आणि वाचकहो, स्पष्ट लिहितो, आपल्या अंगणातही आहे. आदिवासी मजूर कापूस वेचायला आला की त्याच्या बोलण्याची नक्कल करून हसणारी पोरे आपल्याही घरांत असतात. ती पोरे कोणाकडून शिकली?

खालच्या पायरीवरचा माणूस त्या हसण्यापासून सुटायला काय करतो? घरातली बोली चारचौघांत बोलायची सोडून देतो. संशोधक सांगतात की निहाल लोक निहालीचा उपयोग कधी कधी इतरांना कळू नये म्हणून करतात. भाषा लपायची जागा झाली! आणि जी भाषा लपवावी लागते ती मुलांना शिकवायला आई कचरते. 'जोप्पो' म्हणायचे थांबायला वेळ लागत नाही. याकूंना एक तप पुरले.

येथे एक प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील आणि तो रास्त आहे. आम्ही स्वतः तर जुनी नावे टाकून दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांनी जुनी ओळख फेकून नवी घेतली. मग निहालांनी जुने नाव आणि जुनी बोली सांभाळावी असे सांगणारे आपण कोण?

उत्तर असे आहे. टाकलेली नावे दुसऱ्यांनी तिरस्काराने लादलेली होती, आणि ती टाकण्याचा निर्णय ज्यांच्यावर लादली त्यांनी स्वतः, उघड्या मैदानात, ताठ मानेने घेतला. निहालाच्या बाबतीत असे झालेले नाही. त्याने निर्णय घेतलेलाच नाही. तो फक्त रांगेत "तसंच लिहा" म्हणतो आहे. उद्या निहाल समाजानेच एकत्र बसून ठरवले की आम्ही कोरकूच आहोत, तर तो त्यांचा अधिकार. स्वतंत्र नाव हवे म्हणाले, तर तोही त्यांचाच अधिकार. ठरवणारा तो असला पाहिजे. ओळख दडपून घेतली तरी गुलामी आणि बाहेरच्याने कौतुकाने गळ्यात बांधली तरीही गुलामीच.

कौतुकाचाही धोका आहे, म्हणून हे लिहिले. मसाई-सांबुरूंचे नाच पाहायला परदेशी पाहुणे पैसे देतात. लाल वस्त्र फोटोत छान दिसते. पण त्याच मसाईंना १९०४ आणि १९११ च्या करारांनी इंग्रजांनी चांगल्या कुरणांवरून उठवले, १९५९ साली सेरेंगेटीच्या राष्ट्रीय उद्यानातून बाहेर काढले, आणि २०२२ साली टांझानियातल्या लोलिओंडोत पुन्हा जमिनीवरून संघर्ष पेटला. वस्त्र आवडते, माणूस जमिनीवर नको! आपल्याकडचे अंबाबरवा अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले, सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे, आणि ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. अंबाबरवा गाव तेथून हलले. वाघ वाचला पाहिजे यात दुमत नाही. परंतु दोन हजार माणसांच्या भाषेचे एक गाव उठले तर ते केवळ घरांचे स्थलांतर नसते. वीस घरे इकडे, दहा तिकडे झाली की ती बोली बोलायला शेजारी उरत नाही. पुनर्वसनाच्या हिशेबात घर, शेत, रक्कम लिहिली जाते. भाषेचा रकाना तेथेही नाही. गाव हलवायचे झालेच तर ते एकत्र बसवावे, २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे हक्क आधी निश्चित करावेत आणि ग्रामसभेला विचारावे, एवढी मागणी तरी आपण त्यांच्याबरोबर उभे राहून करू शकतो.

निहालांची मुले शाळेतच जाऊ नयेत, मराठी-इंग्रजी शिकू नयेत, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. शिकलेच पाहिजे, आणि कलेक्टरही झाले पाहिजे. पण त्यासाठी आईची बोली टाकायची अट कोणी घालू नये. घटनेचे कलम २९ सांगते की ज्या कोणा नागरिकगटाला स्वतःची वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती आहे त्याला ती जतन करण्याचा हक्क आहे. तेथे संख्येची अट नाही. दोन हजारांचा हक्क आणि दोन कोटींचा हक्क एकच. कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगते. बाबासाहेबांच्या घटनेचा आपण उठता-बसता उल्लेख करतो. ती आपल्या शेजाऱ्यासाठीही लिहिली आहे हे विसरून चालणार नाही.

तेव्हा करायचे काय? आम्ही चार साध्या गोष्टी सुचवतो. त्यांना पैसा लागत नाही.

पहिली, आपल्यातले शिक्षक व शिक्षिका डोंगरपट्टीच्या शाळांत आहेत. त्यांनी वर्गातल्या मुलाला "तुझ्या घरी पाण्याला काय म्हणतात?" एवढे विचारावे आणि आलेला शब्द फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहावा. फळ्यावर आलेल्या शब्दाची लाज वाटत नाही.

दुसरी, १ मार्च २०२७ ही येत्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे. गणनेच्या कामावर आपले पुष्कळ बंधुभगिनी जातील. त्यांनी मातृभाषा विचारावी, अंदाजाने लिहू नये. निहाल म्हणाला तर निहालच लिहावे. "म्हणजे कोरकूच ना?" हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये.

तिसरी, कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी सुटीत डोंगरातल्या एखाद्या आजीपाशी बसावे आणि तिची परवानगी घेऊन तिच्या गोष्टी टिपून ठेवाव्यात. टिपलेल्याची एक प्रत त्याच गावात राहू द्यावी. ठेवा त्यांचा आहे.

चौथी गोष्ट मातांसाठी, आणि तीच आम्हांला सर्वांत मोठी वाटते. घरातले मूल कोणाच्या बोलीची नक्कल करून हसले तर त्याला तेथेच थांबवा. रागावू नका. त्याला एवढेच सांगा की तो माणूस तीन भाषा बोलतो, एक त्याची, एक कोरकू आणि एक आपली. आपल्याला किती येतात? मूल विचारात पडेल. त्या विचारातूनच शिडीची एक पायरी निखळते.